फाटकापाशी झेंडू

प्रिय अद्वैत आणि मीरा,

तुमच्या आईने पाठवलेला फोटो पाहिला. खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टिकचे ट्रे, ट्रेवर काच, काचेखाली पिटुनियाची चार-चार पानांची रोपं आणि खिडकीबाहेर बर्फ. खाली मीराने विचारलं आहे, "आजी, तूसुद्धा हेच करायचीस ना? मग ती नोकरी होती की छंद?" इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई गेली दोन वर्षं माझ्याकडे कामाच्या आठवणी मागत होत्या. तेव्हा उत्तर एकदाच आणि नीट लिहायचं ठरवलं. अंकात छापून येईल, आणि तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील.

ती नोकरी नव्हती आणि छंदही नव्हता. तो धंदा होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढची वीसेक वर्षं मी बदलापुरात, कुळगावच्या आपल्या घरामागच्या जागेत, हिवाळी फुलांची रोपं बियांपासून तयार करून विकली. अंबरनाथचे कारखाने, उल्हासनगरचे बंगले, शाळा, दवाखाने, लग्नाचे हॉल ही माझी गिऱ्हाइकं. फुलं मी कधीच विकली नाहीत. फूल उमलायच्या आत माझं काम संपलेलं असे.

आता धंदा समजावून सांगते. इंग्रजी पुस्तकांत या झाडांना अर्धं काटक म्हणतात. म्हणजे थंडी सोसतात, पण दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं की मरतात. एका वर्षात, खरं तर चार-पाच महिन्यांत, त्यांचं सगळं आयुष्य आटोपतं. बी, रोप, फूल, पुन्हा बी. म्हणून तुमच्याकडे ती घरात काचेखाली पेरतात आणि शेवटचं दहिवर होऊन गेलं की बाहेर लावतात. हे सगळं मी इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. छापलेल्या इंग्रजी वाक्यावर अविश्वास दाखवायचा असतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मी मार्च महिन्यात पेरणी केली. शेजाऱ्यांच्या खिडकीच्या जुन्या काचा आणून ट्रेवर ठेवल्या. बदलापुरात, मार्चमध्ये, काचेखाली. पाचव्या दिवशी बी छान रुजलं. सहाव्या दिवशी दुपारी तुमचे आजोबा जेवायला बसले होते. त्यांनी मागच्या दारातून ट्रेकडे पाहिलं आणि विचारलं, "मेथी शिजली का गं?"

खरंच शिजली होती. ते तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि उष्णता हा त्यांचा विषय होता. पण त्यांनी पेरणीच्या वेळी मला अडवलं नव्हतं. पुढे कधीतरी विचारलं तर म्हणाले, "तू पुस्तक हातात धरलं होतंस. त्या वेळी तुला काही सांगता येत नाही." मला तेव्हा राग आला होता. हे वाक्य लक्षात ठेवलं असतं तर पुढची एक मोठी चूक टळली असती, पण मी ते लक्षात ठेवलं नाही.

आपल्याकडे दहिवर नाही. आपला शत्रू आहे ऑक्टोबरचं ऊन. म्हणून पेरणी करायची गणपती गेल्यावर, पितृपक्षात. त्या पंधरवड्यात कुणी नवीन खरेदी करत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे हात मोकळे असतात. नवरात्रात रोपं दोन-दोन पानांची होतात. मग त्यांना एक-एक करून दुसऱ्या ट्रेत हलवायचं, ओल्या गोणपाटाच्या सावलीत ऑक्टोबर काढायचा आणि दिवाळीनंतर जमिनीत लावायचं. नाताळपासून होळीपर्यंत फुलं. त्यानंतर सगळं उपटून टाकायचं.

पिटुनियाचं बी म्हणजे जवळजवळ धूळ. चिमूटभर बियांत शेकडो रोपं असतात. ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून पेरायचं. पेरताना पंखा बंद, बोलणं बंद, आणि तुमच्या आजोबांना खोलीत यायची बंदी, कारण त्यांची शिंक. पाणी वरून घालायचं नाही. ट्रे परातीत ठेवायचा आणि खालून पाणी वर चढू द्यायचं. ट्रेच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या बी उचलून नेतात. एका वर्षी त्यांनी वर्बिनाचा अख्खा ट्रे मोकळा केला आणि जानेवारीत आमच्या कुंपणाच्या फटीतून जांभळी वर्बिना उगवली. मुंग्यांची पेरणी माझ्यापेक्षा बरी होती.

रोपांचं एक दुखणं आहे. संध्याकाळी उभी असतात, सकाळी बुडाशी काळी पडून आडवी झालेली. त्यावर इलाज नाही. इलाज एवढाच की पाणी कमी घालायचं, आणि तेच माणसाला जमत नाही. मायेने पाणी घालून मारलेली रोपं मी हजारोंनी पाहिली आहेत. अंबरनाथच्या बाजूने वारा आला की आणखी एक गोष्ट व्हायची. काही दिवशी त्या वाऱ्याला आंबट वास असे, आणि दुसऱ्या दिवशी साल्व्हियाच्या पानांच्या कडा करपत. त्या दिवशी मी गोणपाटं बाजूंनीही लावायची. वहीत लिहून ठेवायची: आज वास.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. उल्हासनगरच्या एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दीदी, बिलकुल हा कलर पाहिजे. बाल्कनीतून सोफा आणि फूल एकदम दिसतात." मी त्यांना फ्लॉक्स दिला. फ्लॉक्समध्ये इतके रंग येतात की त्यातला एखादा सोफ्याशी जुळलाच असता. फेब्रुवारीत त्या मिठाई घेऊन आल्या. सोफ्याला नवीन कापड घातलं होतं, फ्लॉक्सशी जुळणारं.

एक डॉक्टर मे महिन्यात रिकाम्या कुंड्या गाडीत घालून आले. त्यांचं म्हणणं, मी दिलेली सगळी झाडं मेली.

"मरणारच, डॉक्टर. हंगामी आहेत ती."

"सगळीच्या सगळी?"

"तुमच्या हातून एक जरी वाचलं असतं तर मी तुम्हाला बक्षीस दिलं असतं."

ते हसले आणि सप्टेंबरमध्ये दुप्पट मागणी नोंदवून गेले.

आता ज्या हंगामाची गोष्ट सांगायची आहे त्याकडे येते. तिच्यात माणसं तीन, मी धरून चार.

पहिले परसराम मास्तर. उल्हासनगरच्या सिंधी शाळेतून निवृत्त झालेले. भाच्याच्या कापडदुकानाला लागून एक चिंचोळी खोली होती, तिथे ते बियांचं दुकान चालवत. सगळे त्यांना दादा म्हणत आणि ते मला अदी म्हणत, म्हणजे ताई. शाळेत असताना त्यांनी शाळेच्या बागेला इतके कप मिळवून दिले होते की नंतर कपाट कमी पडायला लागलं. दुकानातल्या डब्यांवर बियांची नावं ते सिंधीत लिहीत, उर्दूसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या लिपीत. मला त्यातलं अक्षर लागत नसे.

दुसरा गोमा. चिखलोलीचा. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात माळी. घरची भातशेती होती, पण फुलांचं वेड त्याला कारखान्यात लागलं. पन्नाशी उलटलेली, कंबर दुखरी, बोलणं कमी.

तिसरे त्याच कारखान्यात नव्याने आलेले व्यवस्थापक दाणीसाहेब. वाईट माणूस नव्हता. त्यांना फक्त मोकळी जागा दिसली की तिथे काय ठेवता येईल हे दिसायचं. फाटकापासून ऑफिसपर्यंत जो लांब वाफा होता, तिथे त्यांना सिमेंट टाकून ट्रक उभे करायचे होते. गोमाला ते म्हणाले, "वसाहतीतल्या कारखान्यांची बागांची स्पर्धा असते ना जानेवारीत? कप आण. कप आला तर बाग राहील. नाही आला तर तुला मालाच्या धक्क्यावर घेऊ, नोकरी जाणार नाही."

नोकरी जाणार नव्हती हे खरं. पण मालाच्या धक्क्यावर दिवसभर पिंपं लोटायची आणि चढवायची. त्या कंबरेने गोमा तिथे सहा महिने टिकला नसता.

गोमा गणपती उठल्यावर माझ्याकडे आला. पायरीवर बसला, पाणी प्यायला आणि सगळं सांगून म्हणाला, "बाई, यंदा रोपां अशी द्या का कुनी नाव ठेवाला नको."

मी म्हटलं, रोपं माझ्याकडे लागली. पण स्पर्धेत नुसती रोपं पुरत नाहीत, मांडणी लागते, आणि मांडणी परसराम मास्तरांची. त्याच आठवड्यात मी दुकानात गेले. दादांना गोष्ट सांगितली. त्यांनी जागेची लांबी विचारली, फाटक कुठे, ऑफिस कुठे विचारलं, आणि कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीने लांबलचक वाफा काढला. त्याचे सात पट्टे पाडले. कागदाच्या उजव्या टोकाला फाटक, डाव्या टोकाला ऑफिस. प्रत्येक पट्ट्यात सिंधीत फुलाचं नाव.

"देखो अदी," ते म्हणाले, "आत येणाऱ्या माणसाला सगळं एकदम दिसलं पाहिजे. शाळेत फोटो काढताना कसं, बुटके पुढे, उंच मागे. पायरी पायरीने चढत गेलं पाहिजे."

तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली. दादा माझ्याकडे पाठ करून मेथीचं आणि पालकाचं बी तोलू लागले. मी म्हटलं, "दादा, मला तुमची लिपी येत नाही. नावं सांगा, मी खाली मराठीत लिहून घेते." त्यांनी पाठमोऱ्यानेच एकेक नाव सांगितलं. ॲलिसम. वर्बिना. पिटुनिया. फ्लॉक्स. ॲस्टर. साल्व्हिया. शेवटी मोठा आफ्रिकन झेंडू. मी एकेका पट्ट्याखाली स्वच्छ अक्षरात लिहीत गेले. डावीकडून सुरुवात केली, उजवीकडे संपवलं, पेन्सिल खाली ठेवली आणि कागदाची नीट घडी घातली.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला चार महिने कळलं नाही. दादांची लिपी उजवीकडून सुरू होते. त्यांचं पहिलं फूल उजव्या टोकाला होतं, फाटकापाशी. माझं पहिलं फूल डाव्या टोकाला गेलं, ऑफिसपाशी.

त्या वर्षीची रोपं मात्र मी पुन्हा कधीच तशी केली नाहीत. मुंग्या नाहीत, वास नाही, काळं पडणं नाही. जवळजवळ बी तितकं रोप. झेंडूच्या रोपांची खोडं तर पेन्सिलीएवढी झाली होती. दिवाळीनंतर टेम्पोने सगळे ट्रे अंबरनाथला गेले. लावणीच्या दिवशी मी स्वतः गेले, छत्री, वही आणि दादांचा कागद घेऊन.

गोमाने जमीन भुसभुशीत करून ठेवली होती. मी फाटकाकडून मोजायला लागले आणि पहिल्या पट्ट्यावर झेंडूचे ट्रे ठेवायला सांगितले. गोमा उभा राहिला.

"बाई, झेंडू फाटकाला?"

"हो."

"उंच झारां फाटकाला लावली त मागची फुला दिसाची कशी?"

प्रश्न बरोबर होता. मला तो एक क्षण पटलाही. मग मी कागद उलगडला. कागदावर फाटक होतं आणि फाटकाशेजारी माझ्या स्वच्छ अक्षरात झेंडू होता. दादांच्या तोंडून ऐकलेलं बुटके पुढे, उंच मागे हे मी विसरले होते असं नाही. पण कागद समोर असला की मी ऐकलेल्यापेक्षा लिहिलेल्याला मानते. मी तिथल्या तिथे एक सिद्धांत तयार केला. म्हटलं, "गोमा, दारात भरगच्च काहीतरी लागतं. स्वागत. माणूस थांबतो, मग हळूहळू पुढे जातो आणि एकेक रंग उघडत जातो. मास्तरांनी विचार केला असेल."

"असंल," गोमा म्हणाला आणि खुरपं घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत सातही पट्टे लागले. सरळ रेषेत, दोरीने आखून.

नंतर माझा डिसेंबर दुसऱ्या गिऱ्हाइकांत गेला. गोमाचे निरोप यायचे, झाडं छान आहेत. स्पर्धेला आठ दिवस राहिले तेव्हा मी दादांना रिक्षात घालून अंबरनाथला नेलं. त्यांना त्यांचा वाफा पाहायचा होता.

रिक्षा फाटकाशी थांबली. समोर झेंडूची भिंत होती. छातीइतकी उंच, लिंबासारखा पिवळा रंग, एकेक फूल वाटीएवढं. दादा उतरले, भिंतीकडे पाहिलं, डावीकडून डोकावले, उजवीकडून डोकावले, आणि मला म्हणाले, "अदी, बाकी बगीचा कुठाय?"

मी पर्समधून कागद काढला. त्यांनी चष्मा वर केला. वरची सिंधी ओळ उजवीकडून वाचली, मग खालची माझी मराठी ओळ डावीकडून वाचली. मग पुन्हा एकदा. मग ते फाटकाच्या दगडावर बसले आणि खांदे हलेपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. गोमा पलीकडे झारी घेऊन उभा होता आणि त्याला काय झालं ते आमच्या तोंडावरूनच कळलं होतं.

मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "गोमा, तू तेव्हा बोलला होतास."

"बोललू होतू," तो म्हणाला. "पन तुमचे हातान कागद होता."

मुलांनो, मला आयुष्यात बरेच लोक रागावून बोलले आहेत. कुणाचंही बोलणं मला इतकं लागलं नाही, आणि तो रागावलेलाही नव्हता. झारी खाली ठेवून एवढंच म्हणाला, "आता काय. सिमिट टाकतील नि मना धक्क्याव धारतील." मला धक्क्यावर धाडतील.

फुलावर आलेली झाडं हलवता येत नाहीत. झेंडू एखाद वेळ मुळाच्या गोळ्यासकट उचलून जगला असता, पण पिटुनिया आणि फ्लॉक्स दुपारपर्यंत मान टाकतात. आठ दिवसांत सात पट्टे फिरवणं अशक्य होतं. तरीही मी वही काढून हिशेब मांडायला लागले की निदान झेंडू कापून टाकला तर कसं दिसेल. झेंडू कापायचं नाव काढल्यावर गोमा तिथून निघूनच गेला.

दादा मात्र वाफ्याच्या कडेकडेने ऑफिसच्या टोकापर्यंत चालत गेले होते. तिथून त्यांनी हाक मारली. "अदी, इधर आओ. तिथून नाही, इथून बघ."

ऑफिसच्या टोकाला, इमारतीच्या कोपऱ्यावर, कामगारांचं छोटं दार होतं. सायकल स्टँड, टाइम ऑफिस, कँटीन तिकडेच. सगळ्या पाळ्यांचे लोक त्या दारातून आत येत. मी दादांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पायाशी पांढरा ॲलिसम, दुधाच्या सायीसारखा पसरलेला. त्यामागे जांभळी वर्बिना, मग पिटुनियाचे सगळे रंग, फ्लॉक्स, ॲस्टर, लाल साल्व्हिया, आणि सगळ्यांच्या मागे पिवळा झेंडू. त्या झेंडूने बाहेरचा रस्ता, ट्रक आणि समोरची गंजलेली टाकी पूर्ण झाकून टाकली होती. पायरी पायरीने चढत गेलेला वाफा. इतका सुंदर वाफा मी लावला आहे हे मला माहीत नव्हतं.

"मी उजवीकडून लिहितो, तू डावीकडून लिहितेस," दादा म्हणाले. "दोघेही बरोबर. फक्त पाहुणे चुकीच्या दरवाजातून येतायत."

म्हणजे आता झाडं हलवायची नव्हती, परीक्षक हलवायचे होते. आणि त्यासाठी दाणीसाहेबांसमोर जाऊन चूक कबूल करायला हवी होती. ते काम मी दादांवर किंवा गोमावर टाकलं नाही, एवढं श्रेय मला द्या. मी केबिनमध्ये गेले, इंग्रजीत सुरुवात केली, कारण इंग्रजीत माझी चूक थोडी लहान वाटते, आणि शेवट मराठीत केला.

दाणीसाहेब म्हणाले, "परीक्षक सायकल स्टँडमधून येणार? गटाराशेजारून?"

"हो."

"आणि त्यांना सांगणार काय?"

"खरं सांगू. बाग इकडून पाहायची आहे म्हणून."

ते खिडकीशी गेले. त्यांच्या केबिनची खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूला होती, बाग तिथून दिसतच नव्हती. म्हणाले, "बरं. बागेचं तुम्ही बघा, मला फक्त कप हवा. दुसरा नंबर नाही, सर्टिफिकेट नाही. कप."

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक दुपारी आले, पहिली पाळी सुटण्याच्या आणि दुसरी लागण्याच्या वेळेला. तीन जण होते, त्यात एक बाई, साडी सावरत सायकलींच्या मधून चालणाऱ्या. सुटलेले आणि आलेले असे दोन्ही पाळ्यांचे लोक दाराच्या दोन्ही बाजूंना उभे होते. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. परीक्षकबाईंनी पिटुनियाकडे बोट दाखवून मला जात विचारली. मी उत्तर द्यायच्या आत मागून एक फिटर म्हणाला, "मॅडम, तो कर्णा. सकाळी जास्त उघडतो. दुपारी असा दमतो."

"आणि हा?"

"तो लाल तुरा. त्याला गोमामामा हात लावू देत नाही."

कळलं ते असं, की महिनाभर हे लोक पाळीला दहा मिनिटं आधी यायला लागले होते. कँटीनचा चहा दारात उभं राहून प्यायचे. कुणी सायकल वाफ्याला टेकवली की बाकीचे त्याला शिव्या द्यायचे. त्या कारखान्यात आजवर बाग होती ती फाटकातून गाडीने येणाऱ्यांसाठी. या बाजूला पाठ यायची. यंदा पहिल्यांदाच तिचं तोंड इकडे होतं.

निकाल चार दिवसांनी लागला. दुसरा नंबर. पहिला एका औषधांच्या कारखान्याला, त्यांच्याकडे कारंजं होतं. आम्हाला चौकटीतलं सर्टिफिकेट मिळालं. दाणीसाहेबांनी ते भिंतीवर लावलं, गोमाशी हात मिळवला, आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या माणसांनी वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी चुन्याच्या रेघा मारल्या. फुलं संपली की सिमेंट.

गोमाने मला निरोप धाडला नाही. दादांनी सांगितलं. मी दोन दिवस बी निवडत बसले आणि एकही बी धड निवडलं नाही.

पुढचं मी गोमाकडून ऐकलं. एका सोमवारी टाइम ऑफिसचे कारकून पावसकर, तो फिटर आणि कँटीनचा आचारी असे तिघे दाणीसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली. साहेबांनी कागद सोडवला. आत कप होता. दोन कानांचा, चकचकीत, उल्हासनगरच्या बाजारातला, साहेबांच्या कपाटातल्या सगळ्या कपांपेक्षा वीतभर उंच. सगळ्यांनी वर्गणी काढली होती. अक्षरं कोरून घ्यायचं काम परसराम मास्तरांनी केलं होतं. मजकूर असा: पहिलं बक्षीस. परीक्षक: तिन्ही पाळ्या.

साहेबांनी तो उचलून फिरवून पाहिला. म्हणाले, "हे काय आहे?"

पावसकर म्हणाले, "कप आहे, साहेब."

"ते दिसतंय मला."

"आपण कप आणायला सांगितलं होतं. कुणाकडून आणायचा ते सांगितलं नव्हतं."

गोमा दाराबाहेर उभा होता. तो म्हणतो साहेबांनी कप टेबलावर ठेवला. मग खुर्चीतून उठले आणि त्या तिघांबरोबर खाली, कामगारांच्या दारापर्यंत गेले. तिथे उभे राहिले. स्पर्धेच्या दिवशी ते परीक्षकांची सरबराई करण्यात होते, त्यांनी बागेकडे पाहिलंच नव्हतं. आचाऱ्याने त्यांना चहा आणून दिला. चहा संपेपर्यंत ते तिथेच होते. दुसऱ्या दिवशी गोमाने स्वतः केरसुणी घेऊन चुन्याच्या रेघा झाडून टाकल्या. ट्रक रस्त्यावरच उभे राहिले.

सप्टेंबरमध्ये, पितृपक्षात, कारखान्याचं मागणीपत्र आलं. टाइप केलेलं, रीतसर, सही दाणीसाहेबांची. खाली त्यांनी पेनने एक ओळ लिहिली होती: "मांडणी गेल्या वर्षीप्रमाणेच, कामगारांच्या दाराकडून." पत्र घेऊन गोमाच आला होता. मी त्याला पायरीवर न बसवता आत टेबलाशी बसवलं, कोरा कागद पुढे सरकवला, आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"मना नाय येत लिवाला," तो म्हणाला.

"लिहू नकोस. वाफा काढ."

त्याने कागद एकदा आडवा केला, एकदा उभा केला. मग पेन्सिल दाबून, सगळ्यात आधी, त्याने दार काढलं.